आक्कांची तारीख



आपल्यापेक्षा अठरा-वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या मैत्रिणीला वाढदिवसाला काय द्यावे? प्रश्न साधा वाटतो. आमच्या घरात तो २०२४ च्या मे महिन्यात निघाला आणि पोळा तोंडावर आला तरी हातात काही पडले नव्हते.

मैत्रीण हा शब्द वाचून काही वाचक हसतील. हसू द्या. आक्का आमच्या नात्यातल्या नाहीत. बहीण म्हणावे तर वय आईचे, आणि आई म्हणावे तर चेष्टामस्करी बरोबरीची. आम्ही १९९२ साली लासलगावात पोस्टमन म्हणून रुजू झालो, तेव्हा त्यांच्या भावाचे मुंबईहून आंतरदेशीय पत्र येई. ते दारात उभे राहून वाचून दाखवायचे काम आमच्याकडे आले. आक्का म्हणायच्या, "पोस्टमनभाऊ, आधी शेवट वाचा." शेवटी 'सर्वांना जयभीम' असे आले की मग सुरुवातीपासून ऐकायच्या. कोणी गेल्याची बातमी मध्येच अंगावर येऊ नये म्हणून ही तऱ्हा. पुढे साक्षरतेचे वर्ग निघाले, आक्का पाटी घेऊन बसल्या आणि अक्षर लावायला शिकल्या. मग पत्र वाचायला आमची गरज उरली नाही, पण चहाला बोलावणे काही थांबले नाही.

त्यांचा जन्म गेला कांद्याच्या खळ्यावर. लासलगावची बाजार समिती १९४७ ची. आशियातली सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून तिचे नाव शाळेच्या पुस्तकापासून टीव्हीपर्यंत सगळीकडे येते. त्या बातमीत ट्रॅक्टर दिसतात, व्यापारी दिसतात, भाव दिसतो. लिलावानंतर तो कांदा खळ्यावर जातो आणि तिथे बाया ओळीने बसून मोठा वेगळा, मध्यम वेगळा, गोल्टी वेगळी, खाद वेगळी अशी निवड करतात, त्या बायांपर्यंत कॅमेरा क्वचितच जातो. आक्कांनी ही निवड चाळीस वर्षे केली. त्यांच्या बोटांना कांद्याचा वास कायमचा आहे आणि त्यांना त्याची लाज नाही.

तर मे महिन्यात आमच्या नातीचा पहिला वाढदिवस होता. केक आणला होता. आमच्या घरात मेणबत्ती लावतात, फुंकत नाहीत. जी बुद्धापुढे लावतो ती फुंकायची कशाला, असा आमच्या मंडळींचा हिशेब. त्यावर सुनेचे आणि त्यांचे दरवर्षी थोडे वाजते, यंदाही वाजले. ते असो. केकचा तुकडा तोंडात घालून आक्का सहज म्हणाल्या, "भाऊ, मपला वाढदिस कव्हा असंल वो?"

सगळे हसले. आक्काही हसल्या. पण त्यांनी तो तुकडा संपवला नाही, बशी खाली ठेवली.

मंडळी म्हणाल्या, "आधारवर बघा ना." आधारवर होते ०१/०१/१९५३. आधारचे शिबिर लागले तेव्हा यंत्रापुढच्या पोराने वय विचारले, आक्का म्हणाल्या, "साठीच्या आतच असंल बाबा." त्याने वजाबाकी केली आणि एक जानेवारी टाकली. आपल्या वस्तीत वडीलधाऱ्यांची आधारकार्डे काढून बघा, निम्मी म्हातारी माणसे नववर्षाच्या पहिल्या दिवशी जन्मलेली सापडतील. आणि जे शाळेत गेले ते एक जूनचे. जूनमध्ये शाळा उघडायची, बाप पोराला घेऊन दारात उभा राहायचा, गुरुजी विचारायचे जन्मतारीख काय, बाप म्हणायचा तुम्हीच घाला गुरुजी. गुरुजी एक जून घालायचे. आमचीही तीच आहे. आमच्याबरोबर खात्यात असे कितीतरी. एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून दरवर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रभर कचेऱ्यांत हार-नारळाची गर्दी होते.

कोणी सुचवले, आक्कांचा वाढदिवस चौदा एप्रिलला करू. त्यांनी कानाला हात लावला. "बाबासाहेबांच्या जयंतीला मपली कुठं लावता?" बुद्धपौर्णिमा सुचवली, तीही नको. मग आमच्या मुलाने फर्मान काढले, तारीख राहू द्या, आधी भेट ठरवा.

भेट ठरवायला बसलो तेव्हा कळले हे किती अवघड आहे. साडी द्यावी तर आक्कांच्या पेटीत आहेराची लुगडी थराथराने पडली आहेत, काही तर पिशवीतून बाहेर आलेली नाहीत. आहेराच्या लुगड्याचे असे असते की ते नेसायचे नसते, पुढच्या लग्नात द्यायचे असते. एकदा आमच्याच घरून गेलेले लुगडे तीन वर्षांनी आमच्याच घरी परत आले होते. नाव घातलेला स्टीलचा डबा द्यावा तर भांडी मांडायला फळीवर जागा नाही. तथागतांचे चित्र असलेले घड्याळ एक आहे, ते बंद आहे. बाबासाहेबांच्या तसबिरी चार. शाल म्हणाल तर विहारात सत्कार झाला त्याची आहे. मोतीबिंदूचे झाले, चष्मा आहे. मोबाइल नातवाने दिलेला आहे, त्यावर त्या भीमगीते ऐकतात. मंडळी म्हणाल्या, सरळ पाकिटात पैसे घालू. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ पर्यंत चालली. तेवढ्यात खळ्यावरच्या कामाचे दिवस कमी झाले होते. पैशाची गरज खरी होती. पण आक्का पाकीट घेणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक होते. घेतलेच तर नातीच्या हातावर ठेवून जातील.

अशा वेळी आपण बाबासाहेबांकडे बघतो. बाबासाहेबांचा वाढदिवस जाहीरपणे साजरा होऊ लागला तो पुण्यातून. जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १४ एप्रिल १९२८ रोजी पहिली जयंती केली. पण भेट म्हणून आम्हाला आठवते ती जयंतीची नाही. विद्यार्थी भीमराव परीक्षा पास झाले म्हणून आपल्या लोकांनी सभा भरवायची ठरवली. रामजीबाबा आधी तयार नव्हते, अशाने पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणाले. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर, म्हणजे दादा केळुसकर, यांनी त्यांचे मन वळवले, आणि सभेच्या शेवटी स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र मुलाच्या हाती दिले. ही हकीकत बाबासाहेबांनीच आपल्या अखेरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवली आहे. त्या एका पुस्तकाचे पुढे काय झाले ते १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात सगळ्या जगाने पाहिले.

आमच्या मनात त्या प्रसंगातले एक घर करून राहिले आहे. दादा केळुसकरांनी बाजारातून काही आणले नाही. मुलगा वाचणारा आहे हे त्यांनी पाहिले होते, आणि त्याला अजून न सापडलेले त्यांनी दिले. मग आम्ही स्वतःला विचारले, आक्कांना काय सापडलेले नाही? उत्तर तर त्यांनी केक खाताना स्वतःच दिले होते.

तारीख शोधायची ठरली. आक्कांना काही सांगितले नाही. गप्पांच्या ओघात खुणा मात्र काढून घेतल्या. आपल्या आयाबायांनी तारखा पाठ केल्या नाहीत, खुणा पाठ केल्या. आक्कांचे माहेर पूर्वीच्या निजाम हद्दीला लागून असलेले. त्यांची आई सांगायची, गांधीबाबा गेले त्या साली तू झाली. पोळा होऊन गेला होता, पाटलाच्या बैलांच्या अंगावरचा रंग अजून उतरला नव्हता. आणि मी बाळंतिणीच्या खाटेवर, बारावा दिवस व्हायचा होता, तेव्हा फौज निजामाच्या मुलखात शिरली.

एवढ्यावर हिशेब बसतो. गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८ ची. हैदराबादेत फौज शिरली १३ सप्टेंबर १९४८ ला आणि १७ तारखेला निजाम शरण आला. त्या वर्षीचा पोळा सप्टेंबरच्या अगदी सुरुवातीला. म्हणजे आक्का त्या महिन्याच्या पहिल्या दहा-बारा दिवसांतल्या. निरक्षर बाईने पोरीच्या जन्माची अशी नोंद तोंडी जपून ठेवली होती की पोस्टखात्यात तीस वर्षे घालवलेल्या माणसाला कागद-पेन्सिल घेऊन बारा दिवसांच्या आत येता आले.

आता कागद. पूर्वी गावोगाव जन्म-मृत्यूची नोंद होई. त्या वह्यांना कोणी गाव नमुना चौदा म्हणतात, कोणी कोतवाल बुक. या नोंदीचा आणि आपला संबंध जुना आहे. गावात कोणाच्या घरी पोर झाले, कोण मेले, ही खबर चावडीवर पोचवायचे काम वतनदार महाराचे. पाय आपले, लेखणी दुसऱ्याची. ही गावकीची गुलामी सुटावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे बिल मांडले, आणि ती वतने शेवटी गेली १९५८ च्या कायद्याने. आक्कांच्या माहेरगावी आम्ही एका रविवारी गेलो तेव्हा विहाराच्या कट्ट्यावर बसलेल्या एका वृद्ध बाबांनी सांगितले की त्या सुमाराला गावकीची पाळी आक्कांच्या आज्याची होती. म्हणजे नातीच्या जन्माची खबर घेऊन आजाच चावडीवर गेला असणार. बाहेर उभे राहून सांगितली असणार.

तालुक्याच्या कचेरीत कोर्ट फी स्टॅम्प लावून नकलेचा अर्ज दिला. रेकॉर्डवाल्या कर्मचाऱ्याने खुर्ची दिली आणि म्हणाला, बरे झाले आत्ता आलात. २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरे सोडली गेली. वर्षानुवर्षे गाठी मारून ठेवलेली गाठोडी सुटली, पाने मोजली गेली, मोडी वाचणारे शोधले गेले. ज्या पानावर एकाचा कुणबी पणजोबा सापडतो त्याच पानावर खाली-वर आपली माणसे आहेत, पण त्यांच्यासाठी ते दप्तर कोणी सोडले नव्हते. आमचे काम त्या धुळीतून आयते झाले हे कबूल केले पाहिजे.

वही मोडीत होती. आम्हाला मोडी येत नाही. एका निवृत्त गुरुजींना घेऊन पुन्हा गेलो. गुरुजींनी भिंगाने सप्टेंबर १९४८ चे पान लावले आणि ओळीवर बोट फिरवत वाचले. तारीख ४ सप्टेंबर. बापाचे नाव. जात महार. मुलगी.

नाव नाही. नाव कसे असेल? खबर जाते तेव्हा बारसे झालेले नसते. मग ही मुलगी आक्काच कशावरून? आम्ही मागची दोन आणि पुढची तीन वर्षे बघायला लावली. त्या बापाच्या नावावर १९४८ साली हीच एक नोंद. आधीचा मुलगा, तो मुंबईचा भाऊ. नंतरची मुलगी, ती धाकटी बहीण. गुरुजी म्हणाले, आणखी पुरावा न्यायाधीशालाही लागणार नाही. त्यांनी आमच्याकडून चहाखेरीज काही घेतले नाही.

बाहेर आल्यावर एक गोष्ट आठवली. साताऱ्याच्या शाळेतले रजिस्टर आपण सगळ्यांनी फोटोत पाहिले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यात भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आक्कांचे नाव कुठल्याच शाळेच्या वहीत नाही. सरकारच्या दप्तरात त्या पहिल्यांदा आल्या त्या अशा, बिननावाच्या.

नकलेवर शिक्का बसला. आता द्यायची कधी? तारीख समोरच होती. आणि इथे एक गंमत झाली. तिथी आणि इंग्रजी तारीख दर एकोणीस वर्षांनी जवळजवळ पुन्हा जुळतात. १९४८ आणि २०२४ मध्ये अंतर शहात्तर वर्षांचे, म्हणजे चार वेळा एकोणीस. २०२४ चा पोळा आला २ सप्टेंबरला. चार तारखेला बुधवारी आम्ही नक्कल पिशवीत घालून निघालो तेव्हा रस्त्यात एक बैलजोडी भेटली. शिंगे निळी, पाठीवर गुलाबी ठसे, रंग उतरायला अजून अवकाश. लासलगावात आता ट्रॅक्टरच जास्त, बैल दिसले हीच नवलाई. आम्ही तिथी-मुहूर्त मानत नाही. तरी दोन मिनिटे थांबून ते बैल पाहिले, हे लपवत नाही.

संध्याकाळ होती. वर्षावास चालू होता, विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन सातला सुरू व्हायचे होते. त्याआधी आक्का घरी सापडल्या. मंडळींनी खीर केली होती. आम्ही म्हणालो, "आक्का, तुमचा वाढदिवस आज आहे." त्या म्हणाल्या, "कोण म्हंतं?" आम्ही कागद पुढे केला.

त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला तं एक अक्षर लागंना. साक्षरतेचं समदं इसरले काय म्या?" आम्ही सांगितले की ही मोडी आहे, आम्हालाही येत नाही. तेव्हा त्या मोठ्याने हसल्या. "म्हंजी पोस्टमनभाऊ, पुन्हा एकदा दोघंबी अडाणी!"

गुरुजींनी बाळबोधीत उतरवून दिलेले मग आम्ही वाचले. आधी शेवट नाही, सुरुवातीपासून. बापाचे नाव आले तेव्हा त्यांनी मोडीच्या कागदावर ते कुठे आहे ते दाखवायला सांगितले आणि त्या जागेवर बोट ठेवले. जातीचा रकाना आला. आम्ही जरा अडखळलो. आठव्या वर्षापासून ही बाई बौद्ध आहे, कोणी जुनी जात विचारली तर तोंडावर उत्तर देते. आक्का म्हणाल्या, "वाचा की. तव्हा तेच व्हतो."

मग त्यांनी विचारले, "किती झाले मंग?"

शहात्तर पूर्ण, आम्ही सांगितले. आधारप्रमाणे त्या एकाहत्तरच्या. त्यांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा एसटी आली. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तर पूर्ण झालेल्यांना एसटीत फुकट प्रवास आहे. आक्कांनी लहानपणी कडेवर खेळवलेली एक चुलतबहीण कागदोपत्री पंच्याहत्तर ओलांडून बसल्यामुळे फुकट फिरते, आणि तिच्या शेजारी बसून आक्का अर्धे तिकीट काढतात. हा सल जुना. "आता येऊ दे तिला," म्हणाल्या.

इथपर्यंत सगळे आमच्या मनासारखे झाले. पुढचे आमच्या ध्यानीमनी नव्हते.

आक्का बोटांची पेरे मोजू लागल्या. एकदा मोजली, पुन्हा मोजली. "भाऊ, महाराष्ट्र झाला ते साल कोन्तं?" १९६०, एक मे. "मपलं लगीन त्याच उन्हाळ्यात. शाळेवर झेंडा व्हता, वऱ्हाडाच्या गाडीतून दिसला." आम्हाला हे लग्न ठाऊक होते. त्या अभिमानाने सांगत आल्या होत्या की आमचे लग्न बालविवाह नव्हे, धम्मपद्धतीने झाले, मी चांगली सोळाची होते. सोळा हा आकडा त्यांना थोरल्यांनी सांगितला होता. तेव्हा कायद्याने मुलीचे वय पंधरा पूर्ण लागत होते. १९२९ च्या शारदा कायद्यात चौदा होते, १९४९ ला पंधरा झाले, अठरा झाले ते १९७८ ला. थोरल्यांनी एक वर्ष वरचे सांगून काम भागवले असणार.

"अकरा," आक्का म्हणाल्या. "बारावं बी लागलं नव्हतं पुरतं... न्हाई, लागलं व्हतं. अकरा पुरे."

खोलीत कोणी बोलेना. मंडळींनी आमच्याकडे असे पाहिले की हे काय करून बसलात. खरे सांगतो, त्या क्षणी तो कागद परत पिशवीत घालता आला असता तर बरे, असे वाटले. साडी दिली असती तर हसत-हसत पेटीत गेली असती.

आक्का बऱ्याच वेळाने बोलल्या, पण आमच्याशी नाही, भिंतीकडे बघून. "परातीवर मपले हात पुरत नव्हते. पीठ मळायला बसले का परातच फिरायची. सासू म्हनायची, पोरगी कामचुकार हाये. पान्याची घागर निम्मी आणली का म्हनायची, चोर हाये अंगाची. मला बी तसंच वाटायचं. साठ वर्सं वाटलं." थांबल्या. "म्या कामचुकार नव्हते भाऊ. ल्हान व्हते."

मंडळी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. आम्ही बाहेर ओट्यावर आलो. थोड्या वेळाने आतून वाट्यांचा आवाज आला, म्हणजे खीर निघाली. सातला आक्का नेहमीप्रमाणे विहारात हजर होत्या, पुढच्या ओळीत, कागद पदरात. वाचन संपल्यावर त्या स्वतःच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आज मपला वाढदिस हाये, खरा. बायांनी साधुकार दिला.

कागदाचे पुढले काम अजून संपलेले नाही. बिननावाच्या मुलीला नाव लावायचे, प्रतिज्ञापत्र करायचे, मग आधारवर दुरुस्ती. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून घाई न करता सगळे पुरावे एकदम जोडायचे असे ठरले आहे. कोणी वाचक या वाटेने जाणार असतील तर त्यांनीही हे ध्यानात ठेवावे, आणि आधी आई-आजीने सांगितलेल्या खुणा लिहून काढाव्या, सांगणारे आहेत तोवर. तोपर्यंत आक्का अर्धे तिकीट काढतात. मध्येच मुंबईच्या भावाचा निरोप आला, नातवाच्या जात पडताळणीला १९५० च्या आधीची नोंद हवी आहे. आपल्या लोकांसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा कागद किती कामाचा, हे ज्याच्या पोराचा प्रवेश अडकला आहे त्याला विचारा. त्याच वहीत त्या भावाची नोंद आम्ही पाहिलीच होती, आणि बहिणीचीही जोडायची ठरली. आक्कांनी नकलेची एक प्रत तिकडे धाडली. धाडताना म्हणाल्या, "मपला वाढदिस पोराच्या फायलीत गेला."

आम्हाला मात्र नवाच उद्योग लागला. त्या रात्री विहारात ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी खळ्यावर पोचली, आणि तेव्हापासून बाया आम्हाला टपाल वाटताना अडवतात. "भाऊ, मपली बी काढा." आम्ही एक वही केली आहे. नाव, माहेर, खूण. एक म्हणते, पानशेत फुटले त्याच्या तिसऱ्या दिवशी. १२ जुलै १९६१, म्हणजे पंधराच्या आसपास, ही सोपी. एक म्हणते, चीनच्या लढाईत, दिवाळीला. एक कोयनेच्या भूकंपाच्या रात्रीची, तिची तर तारीख वहीशिवायच निघाली, ११ डिसेंबर १९६७, ती ऐकून तिने कांद्याचे सूप बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. एक बहात्तरच्या दुष्काळातली, खडीच्या कामावर झालेली, पण महिना आठवत नाही.

आणि एकीने एवढेच सांगितले आहे की तिची आई म्हणायची, तू झाली त्या दिवशी कांद्याला भाव नव्हता. लासलगावात या खुणेवरून तारीख काढणे कठीण आहे.